शंभरीचा पुरावा

'लॉज' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर एस. टी. स्टँडसमोरची दुमजली इमारत येते. 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' असा बोर्ड, खाली थाळीचा वास आणि वर कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल. त्यामुळे मावसबहिणीने फोनवर सांगितलं, "अगं, ह्यांच्या लॉजला शंभर वर्षं झाली, मोठं जेवण आहे, तू येच," तेव्हा मी बुचकळ्यातच पडले. तिचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी लॉज कधी चालवायला घेतलं?

"ते लॉज नव्हे गं! फ्रीमेसनचं लॉज. महिन्यातून एकदा काळा सूट घालून जातात ना, ते."

मग आठवलं. महिन्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी भाऊजी एक चपटी बॅग घेऊन बाहेर पडतात. तिथे नेमकं काय चालतं, हे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही बहिणीला ठाऊक नाही. "विचारलं तर नुसते हसतात," ती म्हणाली. "बॅगेत काय असतं ते मात्र मला माहीत आहे. एप्रन! घरात कधी बांधला नाही, तिथे जाऊन बांधतात."

एवढं ऐकल्यावर कोण जाणार नाही? गेले मी.

गवंड्यांची मंडळी

जाण्याआधी थोडं वाचून घेतलं. 'मेसन' म्हणजे गवंडी, पाथरवट. मध्ययुगात युरोपात मोठमोठी चर्च बांधणारे कारागीर कामाच्या जागी जे खोपट उभारत, त्याला लॉज म्हणत. तिथे हत्यारं ठेवायची, जेवायचं, आपल्या धंद्याचे नियम ठरवायचे. पुढे बांधकामाशी काडीचा संबंध नसलेली मंडळीही अशा लॉजमध्ये येऊ लागली. गवंड्याची हत्यारं मग चांगल्या वागणुकीच्या खुणा झाल्या. गुण्या म्हणजे सचोटीचा व्यवहार, ओळंबा म्हणजे सरळ चारित्र्य, आणि एप्रन म्हणजे कष्टाचा मान. एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचं, अडल्यानडल्याला मदत करायची, आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण या विषयांवर वाद घालायचा नाही.

२४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एका गुत्त्यात जमून पहिलं 'ग्रँड लॉज' स्थापन केलं, अशी परंपरा सांगते. त्या घटनेची तीनशे वर्षं २०१७ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये थाटात साजरी झाली. आपल्याकडे ही मंडळी आली ती ईस्ट इंडिया कंपनीबरोबर. कलकत्त्यात १७३० साली पहिलं लॉज निघालं. उत्तरेकडे लोकांनी त्याचं नाव पाडलं 'जादूघर'! बंद दाराआड काय चालतं ते कळेना, म्हणजे जादूच असणार, नाही का? स्वामी विवेकानंद तरुणपणी, १८८४ साली, कलकत्त्याच्या एका लॉजचे सभासद झाले होते. मोतीलाल नेहरूही फ्रीमेसन होते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया' स्थापन झालं, आणि रामपूरचे नवाब त्याचे पहिले प्रमुख झाले. इथल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता असे वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ एकत्र ठेवतात. शपथ घेणाऱ्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवायचा.

म्हणजे जात, धर्म, भाषा कुठलीही चालते. चालत नाही ती फक्त बाई. १७२३ साली इंग्लंडमध्ये या मंडळींची नियमावली छापली गेली. सभासद कोण होऊ शकत नाही हे तिच्यात सांगितलं आहे, आणि त्या यादीत गुलाम, बायका आणि दुर्वर्तनी पुरुष एका दमात आले आहेत. वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

दाराबाहेरच्या खुर्च्या

शंभरीच्या दिवशी लॉजच्या इमारतीला रोषणाई केली होती. आत मुख्य दालनात सभा, आणि आम्हा बायकांसाठी बाहेर हिरवळीवर खुर्च्या. सरबत आलं, वेफर्स आले. दाराशी एक गृहस्थ खरोखरची तलवार घेऊन उभे होते. 'टायलर' म्हणतात त्यांना. बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून हा पहारा. माझ्या शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "गेली बावीस वर्षं मी या तलवारीच्या अलीकडेच बसते. दरवेळी सरबत मात्र छान असतं!"

दीड तास आम्ही बसलो होतो. कुणाची सून बाळंतपणाला आलेली, कुणाचे गुडघे, कुणाचा अमेरिकेतला मुलगा. पंधरा मिनिटांत मला चौघींच्या घरची सगळी हकिकत कळली. आत 'बंधुभावा'चा सोहळा चालू होता आणि बाहेर भगिनीभाव, विनासभासदत्व आणि विनातलवार, आपोआप चालू होता. त्याचा सोहळा मात्र कुणी करत नव्हतं.

तसं म्हटलं तर एकेकाळी या दाराबाहेर आपले पुरुषही उभे होते. माणेकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. त्यांना फ्रीमेसन व्हायचं होतं, पण मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजने त्यांना घेतलं नाही. हा माणूस थेट पॅरिसला गेला आणि तिथल्या लॉजमध्ये दाखल होऊन आला! पुढे डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत खास हिंदी लोकांना घेणारं लॉज निघालं, 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया'. त्या स्थापनेला २०१८ साली पावणेदोनशे वर्षं झाली.

मला माणेकजींचं विशेष वाटतं ते पुढच्या गोष्टीमुळे. याच माणसाने १८६३ साली मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अलेक्झांड्रा नेटिव्ह गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन. मुलींना इंग्रजी कशाला, असं विचारणारा तो काळ. स्वतः बंद दारावर थापा मारलेल्या माणसाला दुसऱ्यांची बंद दारं दिसली असतील, असं आपलं मला वाटतं.

ज्या आत गेल्या त्या

आणि बायका काय नुसत्या सरबत पीत बसल्या होत्या? मुळीच नाही. आयर्लंडमधली एलिझाबेथ सेंट लेजर, लग्नानंतरची एलिझाबेथ ऑल्डवर्थ, हिची गोष्ट फ्रीमेसन मंडळी स्वतःच सांगतात. १७१० च्या सुमारास तिच्या वडिलांच्या वाड्यात लॉज भरायचं. शेजारच्या खोलीत ही पुस्तक वाचता वाचता झोपली. दुरुस्तीसाठी भिंतीच्या विटा सैल केलेल्या होत्या. जागी झाली तेव्हा पलीकडचा सगळा विधी तिने पाहिला आणि पळताना पकडली गेली. आता हिचं करायचं काय? गुपित तर फुटलेलं. शेवटी तिलाच शपथ देऊन सभासद करून घेतलं! एप्रन घातलेलं तिचं चित्र आहे आणि कॉर्कच्या चर्चमध्ये तिच्या नावाची पाटीही आहे.

फ्रान्समध्ये मारिया देरेम ही स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी लेखिका. १८८२ साली पॅरिसजवळच्या एका लॉजने धाडस करून तिला सभासद केलं, तर त्या लॉजवरच कारवाई झाली. मारियाने अकरा वर्षं वाट पाहिली आणि १८९३ साली जॉर्ज मार्टिन या मित्राच्या साथीने स्त्री-पुरुष दोघांना घेणारं नवं लॉजच उभं केलं. दुसऱ्याच वर्षी ती वारली, पण लॉज राहिलं. १९०२ साली त्याच्या सभासद झाल्या आपल्या ॲनी बेझंट. होय, होमरूलवाल्याच! त्यांनी ते लंडनला नेलं आणि हिंदुस्थानातही आणलं. १९०८ साली त्यातल्याच काहीजणी वेगळ्या झाल्या आणि त्यातून इंग्लंडमध्ये पुढे केवळ स्त्रियांची फ्रीमेसन संघटना तयार झाली. २००८ साली तिची शंभरी झाली. गंमत म्हणजे त्या बायकाही एकमेकींना 'ब्रदर' म्हणतात. मला ते जरा खटकलं. आपण आपल्या भिशीत एकमेकींना 'दादा' म्हटल्यासारखं!

पुरुषांची मोठी संघटना या बायकांना आपल्या सभेत आजही बसवत नाही. पण त्यांचं काम रीतीप्रमाणे चालतं, हे इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९९९ मध्ये मान्य केलं. १९०८ पासून मोजा. एक्याण्णव वर्षं लागली.

काचेखालची वही

हिरवळीवरून आम्हाला जेवणाच्या हॉलमध्ये नेलं, तिथे एका टेबलावर प्रदर्शन मांडलं होतं. जुने फोटो, पिवळा पडलेला एप्रन आणि काचेखाली उघडून ठेवलेली एक जाडजूड वही. पहिल्या सभेचं प्रोसिडिंग. बोरूच्या वळणाचं सुंदर इंग्रजी अक्षर. तारीख, हजर असलेल्यांची संपूर्ण नावं, कोण अध्यक्ष, कोण खजिनदार, वर्गणी किती जमली, मेणबत्त्यांना खर्च किती. खाली सह्या.

भाऊजी जवळ येऊन म्हणाले, "शंभर वर्षांत एकही वही गहाळ नाही. महायुद्ध झालं, फाळणी झाली, सभासद दहा-बारावर आले, पण नोंद चुकली नाही." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात घर करून बसली. इंग्लंडच्या ग्रँड लॉजमध्ये शंभर वर्षं झाली म्हणून कुणी आपोआप शताब्दी साजरी करू शकत नाही. शताब्दीची सनद मिळते. ती मागताना, मधे खंड न पडता काम चालू होतं, हे दाखवावं लागतं. सनद मिळाली की सभासदांना शताब्दीचं पदक छातीवर लावता येतं. म्हणजे नुसतं टिकून भागत नाही, टिकलो याचा पुरावा लागतो. आणि पुरावा कोणता? हीच वही.

जेवताना माझं लक्ष लागेना. बंद दार, तलवार, शपथा या सगळ्याचं आपल्याला कुतूहल वाटतं, पण या मंडळींना इतकी वर्षं कशाने टिकवलं? दर वर्षी अध्यक्ष बदलायचा, खुर्चीला कुणी चिकटायचं नाही. वर्गणी वेळेवर. आजारी सभासद आणि मेलेल्यांच्या बायकामुलांची विचारपूस करायला एक माणूस नेमलेला. मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायचं नाही. यात जादू कसली? ही तर शिस्त आहे, आणि ती आपल्यालाही जमते.

जिथे जमली तिथे काय झालं बघा. आपल्या गावागावांत असलेला 'इनरव्हील' क्लब घ्या. मँचेस्टरमध्ये रोटरी सभासदांच्या बायका नोव्हेंबर १९२३ मध्ये जमल्या त्या चक्क एका टर्किश बाथमध्ये, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात! मार्गारेट गोल्डिंग या बाईंच्या पुढाकाराने १० जानेवारी १९२४ ला क्लब रीतसर सुरू झाला. २०२४ मध्ये त्याची शताब्दी साजरी झाली. ज्या रोटरीच्या त्या बायका, त्या रोटरीने स्त्रियांना सभासद म्हणून दार उघडलं ते १९८९ मध्ये, आणि २०२२ साली रोटरीच्या जागतिक अध्यक्षपदी पहिल्यांदा एक बाई बसली. आपलं 'लिज्जत' घ्या. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यांना मार्ग दाखवणाऱ्या छगनबाप्पांनी आग्रह धरला तो चोख हिशेबाचा. २००९ मध्ये त्यांचा सुवर्णमहोत्सव झाला. आणि आपल्या बचत गटांच्या पंचसूत्रीतही बैठक, बचत, कर्ज, परतफेड यांच्याबरोबर पाचवं सूत्र कोणतं? नोंदी!

पातेल्यावरची तारीख

पण बचत गटाला बँक असते, म्हणून वही असते. जिथे पैशाचा प्रश्न नसतो, तिथे आपण काय करतो? आमच्याच गावची गोष्ट सांगते.

२०२३ साली आमच्या महिला भजनी मंडळात विषय निघाला, की मंडळाला आता पन्नास वर्षं होत असतील, काहीतरी करू या. पण सुरू कधी झालं? एकजण म्हणाली, "दुष्काळाच्या साली." दुसरी म्हणाली, "छे, दुष्काळानंतर. माझ्या थोरलीच्या बारशाला मंडळ आलं होतं ना!" देवळाच्या जुन्या दप्तरात पाहिलं. तिथे दरवर्षी 'महिला भजन, नारळ व दक्षिणा' एवढंच. नाव एकीचंही नाही. पन्नास वर्षं दर एकादशीला गाणाऱ्या बायका, आणि कागदावर नारळाएवढीच जागा!

मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी एक आक्का तेवढ्या हयात होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान गेलेले. त्यांना जोरात विचारलं तर म्हणाल्या, "साल मला काय ठाऊक? पातेलं बघा की."

पातेलं! मंडळाचं प्रसादाच्या शिऱ्याचं मोठं पितळी पातेलं. कल्हईवाला येईनासा झाल्यापासून ते देवळाच्या माळ्यावर पडून होतं. खाली काढलं, चिंच लावली, पितांबरीने घासलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली. 'महिला भजनी मंडळ, रामनवमी १९७४.' अकराजणींनी वर्गणी काढून घेतलं होतं ते. आम्ही सगळ्याजणी त्या पातेल्याभोवती उकिडव्या बसलो होतो. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

तारीख मिळाली. आता नावं. आक्कांना अकराही आठवत होत्या. पोस्टमास्तरीणबाई, शिंपीकाकू, बंडूची आई, वाड्यातल्या वहिनी... पण त्यांचं नाव काय? त्यांचं स्वतःचं नाव? आक्का गप्प झाल्या. उखाण्यात यजमानांची नावं घेतली होती प्रत्येकीने, ती आक्कांना आजही पाठ आहेत. बायकांची नावं कुणी घेतलीच नव्हती.

मग आम्ही शोधायला लागलो. नातवंडांना फोन केले. कुणाचं नाव जुन्या रेशनकार्डावर मिळालं, कुणाचं घराच्या उताऱ्यावर, एकीचं नाव तिच्या लग्नातल्या तांब्यावर सापडलं. पुन्हा भांडंच कामाला आलं! नऊ नावं झाली. पोस्टमास्तर बदलून कुठे गेले ते कळलं नाही आणि बंडूचाही पत्ता लागला नाही.

२०२४ च्या रामनवमीला पन्नाशी साजरी केली. रोषणाई नव्हती, पदकं नव्हती. त्याच पातेल्यात, नवी कल्हई करून, शिरा केला. सुरुवातीला एका नव्या वहीतून नऊ नावं वाचली, आडनावासकट, मोठ्याने. आक्का पहिल्या रांगेत होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांच्या नातीने त्यांचं नाव वहीत बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाकीच्या दोघी?" आम्ही वहीतल्या दोन मोकळ्या ओळी दाखवल्या.

म्हणून मैत्रिणींनो, एकच सुचवते. तुमची भिशी असेल, भजनी मंडळ असेल, संक्रांतीचं सामुदायिक हळदीकुंकू असेल, नाहीतर दुपारी एकत्र पापड-कुरडया करणारा नुसता घोळका असेल. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा शंभर पानी वही न्या. पहिल्या पानावर तारीख घाला. कोण कोण आलं ते लिहा, पण 'बंडूची आई' असं नको. स्वतःचं नाव, संपूर्ण. वर्गणी किती, खर्च किती, काय ठरलं, कोण आजारी आहे आणि तिच्याकडे कोण जाणार, हेही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. लिहायचा कंटाळा येणारी एखादी असतेच, तर दर महिन्याला पाळी लावा. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगितलं तर ती मोबाइलवर फोटोही काढून ठेवेल. पण वही असूच द्या, मोबाइल बदलतात. आणि वही कुणा एकीच्या घरी पडून राहू देऊ नका. पाळीबरोबर तीही फिरू दे.

आमची वही सध्या माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणाची आजी १९७४ च्या आसपास पोस्टमास्तर यजमानांबरोबर गावोगाव फिरली असेल आणि एखाद्या गावी भजनाला जात असेल, तर तिला तिचं नाव विचारून ठेवा. आमच्याच त्या असतील असं नाही. पण विचारून ठेवा.